गवयांचे चार चित्रपट आणि आपले कान

गेल्या ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक याप्रमाणे, आपल्या मंडळाने सभासदांना चार मराठी चित्रपट दाखविले. ‘बालगंधर्व’ (२०११), ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५), ‘द डिसायपल’ (२०२०) आणि ‘मी वसंतराव’ (२०२२) हे ते चार. चारही चित्रपट गाणाऱ्या माणसांचे. प्रत्येक चित्रपटानंतर चर्चा झाली, आणि ‘कट्यार’च्या दिवशी तर ती इतकी रंगली की आणलेला चहा किटलीतच निवला. त्या दिवशी प्रस्तुत लेखक जे बोलला ते काही ज्येष्ठ सभासदांना कडू वाटले. “इतक्या वर्षांनी आपले नाट्यसंगीत घराघरांत पोहोचले आणि तुम्ही त्यात खोड काढता!” असे एक काका म्हणाले. तो आक्षेप रास्त होता, आणि त्याला उभ्या उभ्या उत्तर देणे मला जमले नाही. संपादकांनी सवड दिली, म्हणून ते उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करतो. उत्तर देता देता माझे मत थोडे बदलले आहे, हेही आरंभीच कबूल करतो.

गवयावरच्या चित्रपटाकडे पाहताना मी एक साधी कसोटी लावतो. गाणे येणे म्हणजे काय, ते कुणाकडून कसे येते, किती दिवसांनी येते, आणि आले नाही तर माणसाचे काय होते, याचे काही भान चित्रपट देतो का? गाण्याचे फळ दाखविणे सोपे असते. माणूस गातो, सभा डोलते, टाळ्या पडतात. शिकणे दाखविणे कठीण. कारण शिकण्यात घडत काहीच नाही. तोच षड्ज, तीच स्थायी, तोच तंबोरा, आणि खिडकीबाहेर बदलत जाणारे ऋतू. चित्रपटाला घटना हव्या असतात आणि विद्येला घटनांचे वावडे असते. हा पेच या चारही दिग्दर्शकांपुढे होता. प्रत्येकाने तो आपापल्या रीतीने सोडविला किंवा टाळला.

‘बालगंधर्व’पासून आरंभ करू. रवी जाधव यांचे दिग्दर्शन, सुबोध भावे यांची प्रमुख भूमिका, कौशल इनामदार यांचे संगीत आणि बालगंधर्वांच्या पदांना आनंद भाटे यांचा आवाज. त्या गायनासाठी भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. बालगंधर्वांची नक्कल करणारे गळे आपण पुष्कळ ऐकले आहेत. भाटे यांनी नकलेच्या अलीकडे थांबून त्या गायकीतला लाडिक, पण शिस्तीचा स्वर घेतला. डोळे मिटून ऐकले तर हा चित्रपट अधिक मोठा वाटतो.

डोळे उघडले की दिसते ते वैभव: शालू, दागिने, अत्तरे, गर्दी, आणि मग त्याच मापाने येणारे कर्ज आणि उतार. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) या माणसाचे आयुष्य नाट्यमय होते यात शंका नाही. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी घरात मुलीचा मृत्यू झालेला असताना ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत आपल्या आजोबा-आजींकडून आपण सर्वांनी ऐकली आहे. चित्रपट अशा प्रसंगांच्या माळेने बांधला आहे, आणि प्रसंग बहुतेक चांगले वठले आहेत. त्या माळेच्या सुताबद्दल मात्र तो फारसे बोलत नाही. बालगंधर्वांच्या गळ्यात जे होते ते भास्करबुवा बखले यांनी घातले. १९१६ च्या ‘स्वयंवर’च्या चालींत ख्यालाची जी बैठक आहे ती बखलेबुवांची. आणि बखलेबुवांना ती मिळाली बडोद्याच्या फैज महंमद खाँकडून, आग्र्याच्या नत्थन खाँकडून, आणि पुढे अल्लादिया खाँकडून. म्हणजे ज्या गाण्यावर पुण्या-मुंबईचा मराठी प्रेक्षक बेहोष झाला त्याच्या तळाशी तीन मुसलमान उस्तादांची देणगी होती, आणि त्या देणगीचा एक उगम बडोद्यासारख्या, महाराष्ट्राबाहेरच्या, मराठी गादीच्या शहरात होता. हे सारे दोन तासांत दाखवावे असा माझा हट्ट नाही. पण पदे तुकड्यातुकड्यांनी येतात आणि शालूंचे काठ मात्र पुरते दिसतात, तेव्हा चित्रपटाने कशाला किती वेळ दिला याची नोंद समीक्षकाने घ्यावी लागते.

आता ‘कट्यार’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. चित्रपटाचे दिग्दर्शन सुबोध भावे यांनी केले. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच चित्रपट. खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, पंडितजी झाले शंकर महादेवन आणि सदाशिव झाले स्वतः भावे. खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांचा आवाज, सदाशिवला महेश काळे यांचा. काळे यांनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. एका नाटकाच्या पुण्याईवर उभ्या राहिलेल्या चित्रपटाने अमराठी प्रेक्षकालाही चित्रपटगृहात ओढले, ही गोष्ट लहान नव्हे.

माझा आक्षेप कथेच्या कण्याविषयी आहे. नाटकाचा कणा मला नेहमी असा दिसत आला आहे की विद्या ही कुणाची मालमत्ता असते का, हा प्रश्न दोन घराण्यांच्या आडून विचारला जातो. अभिषेकीबुवांनी त्याला संगीतातच उत्तर देऊन ठेवले. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यांनी दोन तऱ्हांनी बांधले, एक सालगवराळीत, संथ आणि आत वळलेले, आणि दुसरे धानीत, द्रुत आणि उसळते. शब्द तेच, भुंगा तोच, पण एक फुलात शिरतो आणि दुसरा फुलांभोवती घिरट्या घालतो. ऐकणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही की दोन्ही खरी आहेत. एका पदात दोन घराण्यांचा संवाद मांडण्याची ही कल्पना मला संपूर्ण मराठी नाट्यसंगीतातली एक थोर कल्पना वाटते.

चित्रपटात या संवादाचा सामना झाला आहे. खाँसाहेबांना विश्रामपुरास पंडितजीच घेऊन येतात. पुढे वर्षानुवर्षे हरल्याचा सल खाँसाहेबांच्या मनात साचतो. मग सिंदुराने पंडितजींचा आवाज जातो, सदाशिव सुडाची भाषा बोलतो, आणि गाणे हे हत्यार होते. तानेबरोबर कॅमेरा राजाच्या चेहऱ्यावर, तिथून सभेवर, तिथून प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर उड्या मारतो. जणू तान ऐकायची नसून तिचा लक्ष्यावर झालेला परिणाम मोजायचा आहे. दूरदर्शनवरच्या गाण्याच्या स्पर्धा पाहून तयार झालेल्या डोळ्यांना हे ओळखीचे वाटते, आणि म्हणूनच चित्रपट चालला, असे मला त्या दिवशी वाटले आणि मी तसे बोललो.

ग्वाल्हेरच्या माणसाला हे अधिक टोचते, कारण या गोष्टीचे मूळ बीज त्याच्या गावचे आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गात असत, आणि हद्दू-हस्सू खाँ या तरुण भावांना महाराजांनी पडद्याआड बसवून ते गाणे ऐकविले, अशी आख्यायिका आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खाँसाहेबांच्या घरी चाकर म्हणून राहून विद्या कानांनी चोरणारा सदाशिव हा त्या आख्यायिकेचा दूरचा नातू आहे. पण आख्यायिका तेथे संपत नाही. ज्यांनी चोरून ऐकले असे म्हणतात, त्याच हस्सू खाँनी पुढे वासुदेवबुवा जोशी यांना उघड्या हाताने शिकविले. वासुदेवबुवांकडून ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी नेले; बाळकृष्णबुवांकडून मिरजेस विष्णु दिगंबर पलुसकरांना मिळाले, आणि तेथून ते सबंध देशात गेले. याच लष्करात शंकरराव पंडितांच्या घरी निसार हुसेन खाँ राहिले. मराठी ब्राह्मणाच्या घरात एक मुसलमान उस्ताद घरच्यासारखा राहतो आणि त्या घराण्याला आपली सारी विद्या देऊन जातो, ही या गावातली खरी घडलेली गोष्ट आहे. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांना १९८९ पर्यंत पाहिलेले-ऐकलेले लोक आपल्या मंडळात आजही आहेत. दरबार होता, चुरस होती, मत्सरही असेल. पण शेवटी जे टिकले ते दिल्यामुळे टिकले. ‘कट्यार’ चित्रपटाच्या शेवटीही विद्या मुक्त होते, हे खरे. परंतु तिथवर जाताना प्रेक्षकाला चटक लागते ती जिंकण्याची.

येथे ध्वनिमुद्रिकेविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण अनेक घरांत चित्रपट एकदा पाहिला गेला आणि तबकडी शंभरदा वाजली. या संग्रहात अभिषेकीबुवांच्या जुन्या रचना आहेत आणि शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या. जुन्याशेजारी नवे ठेवणे हे धाडस. ‘सूर निरागस हो’ ही नवी रचना त्यात पुरती उतरली. तिची चाल सोपी आहे, पण स्वस्त नाही, आणि शंकर महादेवन यांनी ती प्रार्थना म्हणूनच गायिली. ‘दिल की तपिश’मध्ये राहुल देशपांडे यांचा गळा मोकळा सुटतो. काही नव्या गाण्यांत वाद्यमेळ इतका दाट आहे की गाणाऱ्याला श्वास घेण्यास जागा उरत नाही; भरजरी मखरात मूर्ती लहान दिसावी तसे होते. तरीही एकूण संग्रह चित्रपटापेक्षा उजवा आहे, असे माझे मत आहे. कारण तबकडीवर राजाचा चेहरा नसतो. ‘घेई छंद’ची दोन रूपे एकामागून एक ऐकताना हार-जीत मनात येत नाही, आणि दारव्हेकर-अभिषेकींचा मूळ प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागतो. ज्या चित्रपटाने प्रश्न झाकला त्याच्याच ध्वनिमुद्रिकेने तो उघडा ठेवावा, ही गंमत आहे आणि थोडा न्यायही.

तिसरा चित्रपट चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळविलेला हा चित्रपट आपल्या सभागृहात मात्र अर्ध्या खुर्च्या रिकाम्या करून गेला. मध्यंतरात बरीच मंडळी उठली, आणि मी त्यांना दोष देणार नाही. शरद नेरुळकर हा मुंबईतला तरुण, एका कल्पित घराण्याच्या वृद्ध गुरुजींकडे ख्याल शिकतो. रात्री मोटारसायकलवरून जाताना कानांत माईंच्या व्याख्यानांच्या जुन्या फिती ऐकतो. माई ही गुरुजींची गुरू. ती पडद्यावर कधीच दिसत नाही. तिचा केवळ आवाज, आणि तो दिला आहे सुमित्रा भावे यांनी. साधना, त्याग, एकांत यांविषयी ती बोलत राहते आणि शहर संथ गतीने मागे सरकत राहते. शरद गुरुजींची सेवा करतो, औषधपाण्याचे पाहतो, स्पर्धांत हरतो, मैफलीत गुरुजींच्या नजरेतून निसटतो. वर्षे जातात. गाणे येत नाही.

एवढेच. पण या ‘येत नाही’ची जी बारीक नोंद ताम्हाणे करतात तशी मी दुसऱ्या कोणत्याही भारतीय चित्रपटात पाहिलेली नाही. शरद गातो तेव्हा तो बेसूर नसतो, बेताल नसतो. चुकत काहीच नाही, आणि तरीही स्वर जागचा हलत नाही. असे गाणे पडद्यावर ऐकविण्यासाठी गायकाला फार संयम लागतो. आदित्य मोडक यांनी तो दाखविला, आणि गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड यांनी. हे दोघेही मुळात गायक, हे येथे महत्त्वाचे. त्यांच्या हातातला तंबोरा शोभेचा वाटत नाही.

या चित्रपटातही स्पर्धा आहे. लहान गावातून आलेली एक मुलगी दूरदर्शनवरच्या गाण्याच्या कार्यक्रमात हळूहळू कशी बदलत जाते, हे शरद आपल्या खोलीतून पाहत राहतो. तिचे केस, कपडे, हसणे आणि शेवटी गाणेही बदलते. ताम्हाणे तिची खिल्ली उडवीत नाहीत. ती विजयाकडे जात आहे आणि शरद कुठेच जात नाही, आणि दोघांपैकी कुणाचे बरे झाले, हे ठरविणे आपल्यावर सोडले आहे. ‘कट्यार’च्या पाठोपाठ हा भाग पाहिला म्हणूनच कदाचित तो मला इतका भिडला.

चित्रपटाची एक उणीव सांगितली पाहिजे. माईंचे शब्द इतके उंच आहेत की शरदचे अपयश जणू त्या उंचीचाच दोष वाटू लागते. शिकण्यात रोजचा जो आनंद असतो, एखादी जागा अचानक सापडल्याचा, गुरूच्या तोंडून निघालेल्या एका ‘हं’चा, तो येथे जवळजवळ नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी संध्याकाळी दिवेलागणीला पेटीवर सरगम घोटले आहे. त्यातून गवई कुणी झाले नाही, पण ते दिवस वाया गेले असे कुणी म्हणणार नाही. गवई न झालेल्या माणसाच्या वाट्यालाही गाणे येते. ताम्हाणे यांना हे ठाऊक नसेल असे नाही. त्यांनी ते सांगितले नाही.

ते सांगितले चौथ्या चित्रपटाने. निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’मध्ये वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनीच केली आणि गाणीही तेच गायिले, त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपट तीन तासांच्या आसपासचा, आणि त्यातला अर्धा तास सहज कमी करता आला असता. थोरामोठ्यांच्या भेटी एकामागून एक येतात. प्रत्येक वेळी ‘हे कोण बरे’ असे ओळखण्यात प्रेक्षकाचे लक्ष खर्च होते. नातवाने आजोबांची भूमिका करण्यात एक धोकाही आहे. राहुल देशपांडे यांचा गळा घडवलेला, गोलाईचा आहे. वसंतरावांच्या गाण्यातला खडबडीतपणा, ती अचानक घेतलेली उडी आणि पडतो पडतो म्हणता सावरलेली सम, ही त्यात थोडी गुळगुळीत होते. ज्यांनी जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आहेत त्यांना हा फरक जाणवेल.

हे सारे धरूनही चारांत हा चित्रपट मला सर्वांत जवळचा वाटला, याचे कारण त्याने वाट पाहणे दाखविले. सासर सोडून एकटीने मुलाला वाढविणारी आई; नागपुरातले सप्रे गुरुजी; लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे महिनोन्महिने घोटलेला एकच मारवा. नंतर लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी. सकाळी फायली, रात्री गाणे. आणि इतके करूनही लोकांचा प्रश्न असा की हे गाणे कोणत्या घराण्याचे? ‘कट्यार’ नाटक आले तेव्हा वसंतराव ४७ वर्षांचे होते. म्हणजे ज्या खाँसाहेबांना आपण घराण्याच्या अभिमानाचे प्रतीक समजतो, ती भूमिका अशा माणसाने अजरामर केली ज्याला कोणतेही घराणे आपला म्हणायला तयार नव्हते. हा विरोधाभास चित्रपटाने ओरडून सांगितला नाही. शेवटाकडे तो आपोआप पोहोचतो. ‘कट्यार’ आधी पाहिलेल्या प्रेक्षकाला तर दुहेरी पोहोचतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना ‘तुम्ही नक्की कुठले’ हा प्रश्न नवा नाही. पुण्यात आपली मराठी ऐकून लोक हसतात आणि येथे आपण अजून ‘दक्षिणी’. वसंतरावांचे उत्तर चित्रपटाच्या नावातच आहे. आपले घराणे आपल्यापासून सुरू होते, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने अनेकांकडून घेतले त्यालाच असतो, हा त्या उत्तराचा अर्थ मी घेतो. त्यांनी सप्रे गुरुजींकडून घेतले, असद अली खाँकडून घेतले, दीनानाथांच्या गाण्याचे वेड लहानपणी घेतले. घेतल्याचे लपविले नाही.

आता मूळ आक्षेपाकडे येतो. माझ्या शेजारच्या घरातला नातू २०१५ साली दहा वर्षांचा होता. त्या दिवाळीत पुण्यास आत्याकडे गेला असता तो ‘कट्यार’ पाहून आला आणि आल्या आल्या मला म्हणाला, “आजोबा, मला खाँसाहेबांसारखी तान शिकायची.” जानेवारीत त्याला मंडळाच्या गायनवर्गात घातले. बाईंनी त्याला भूप दिला, आणि भूपाची स्थायी दिली, आणि मार्चपर्यंत तीच दिली. “तान कधी?” असे तो दर आठवड्याला विचारी. बाई म्हणत, “आधी गंधार लागू दे.” परीक्षांच्या निमित्ताने वर्ग सुटला तो सुटलाच. त्या वर्षी त्याच्यासारखी आणखीही मुले आली होती आणि तशीच गेली. मी मनाशी ठरवून टाकले की चित्रपटाने त्यांना गाण्याचे चुकीचे चित्र दाखविले: लढाई दाखविली आणि सराव लपविला, मग भूपाच्या स्थायीत त्यांचे मन कसे रमणार? नोव्हेंबरच्या चर्चेतला माझा कडूपणा तेथून आलेला होता.

पण त्याच रविवारी तो मुलगा सभागृहात मागच्या रांगेत बसलेला होता. आता तो बंगळुरास शिकतो, दिवाळीच्या सुटीत आला होता. त्याला मराठी वाचता येत नाही. घरी आईशी हिंदीत बोलतो, आजीशी मोडक्या मराठीत. चित्रपट सुरू झाला आणि मी अधूनमधून मागे वळून पाहत होतो. प्रत्येक पद त्याच्या ओठांवर होते. ‘सूर निरागस हो’ सबंध, अडखळल्याविना, आणि उच्चार आपल्या वर्गातल्या बाईंनी दुरुस्त करून दिलेले. भूप गेला होता. पण ‘ळ’ राहिला होता.

चर्चेत काका जे म्हणाले त्याचा अर्थ मला घरी गेल्यावर कळला. ते चित्रपटाची बाजू घेत नव्हते. त्या मागच्या रांगेची घेत होते. हा चित्रपट नसता तर तो मुलगा चार महिनेही वर्गात आला नसता. दाराशी आलेल्याला दार चुकीचे रंगविले होते म्हणून परत पाठवायचे काय? तेव्हा माझे सुधारलेले मत असे: ‘कट्यार’ हा चित्रपट आपल्या संगीताच्या स्वभावाविषयी चूक सांगतो, आणि तरीही त्याने आपल्या नातवंडांच्या तोंडी जी पदे दिली त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. ऋण मान्य करून चूक सांगणे हे समीक्षकाचे काम, आणि चूक कळल्यावर पुढचे करणे हे मंडळाचे.

पुढचे म्हणजे काय, याविषयी एक साधी सूचना करून थांबतो. यापुढे गवयावरचा चित्रपट दाखविला की त्यानंतर चर्चेच्या आधी अर्धा तास दिवे मंद करून, पडदा कोरा ठेवून, त्याच गवयाची किंवा त्याच पदाची जुनी ध्वनिमुद्रिका वाजवावी. ‘बालगंधर्व’नंतर बालगंधर्व स्वतः; ‘कट्यार’नंतर वसंतराव; ‘मी वसंतराव’नंतर जुळला तर मारवा. पाहिलेल्या गोष्टीवरून ऐकण्याकडे येण्यास तेवढा वेळ पुरे. ज्याला जायचे असेल त्याने जावे. चार माणसे उरली तरी चालेल; तानसेन समारोहात हजीऱ्याला पहाटेच्या थंडीत शेवटच्या गायकापुढे पुष्कळदा तेवढीच उरतात, आणि गाणारा त्यांच्यासाठी गातोच.

तो मुलगा जूनमध्ये पुन्हा येणार आहे. त्याला मी एक तबकडी काढून ठेवली आहे, वसंतरावांची. तान तिच्यात भरपूर आहे. गंधार कुठे लागतो, ते मात्र त्याने स्वतः शोधायचे आहे.